शिवानंदच्या नावाची पुडी

आमच्या रविवारच्या सायकल मंडळाने मागच्या महिन्यात माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि हार. डावा हात झोळीत होता, त्यामुळे हार एका खांद्यावरून कसाबसा घातला. मित्राची ब्रेक न धरणारी सायकल घाटात स्वतःकडे घेतली आणि आपली चांगली सायकल त्याला दिली, असं माझं वर्णन झालं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत शिवानंद बसला होता, सगळ्यांत जास्त तोच वाजवत होता.

नंतर चहा घेताना मंडळाने सांगितलं, की या प्रवासाचं वर्णन अंकासाठी तुम्हीच लिहा, जे आले नाहीत त्यांनाही कळू दे. मी मान हलवली. मी एरवीही मानच हलवतो. घरी, कचेरीत, सगळीकडे माझी ख्याती कमी बोलणारा अशी आहे आणि लोक त्याला सज्जनपणा समजतात.

तर लिहितो. सोलापूरहून अक्कलकोट, तिथून नळदुर्ग, मग तुळजापूर आणि घाट उतरून परत, असे तीन दिवस. रस्ते, जेवण, माणसं, सगळं सांगतो. पण एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. शिवानंदची सायकल सुरक्षित करणारी वस्तू त्या तिन्ही दिवसांत माझ्या सीटखालच्या पिशवीत होती. कागदाच्या पुडीत, पुडीवर त्याचं नाव. ती मी त्याला दिली नव्हती.

निघण्याआधी

शिवानंदचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. मी एका विमा कचेरीत नोकरी करतो, जुळे सोलापुरात फ्लॅट आहे. मूळ मी मोडनिंबचा. शाळेसाठी सोलापुरात आलो तेव्हा वर्गात जो शेजारी बसला तो हा. वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मापाच्या दोन माउंटन सायकली घेतल्या. त्याची निळी, माझी लाल. नंतर गुडघे, नोकऱ्या, लग्नकार्यं यांत त्या माळ्यावर गेल्या.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याने कुठेतरी ग्रॅव्हल सायकल पाहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शर्यतीच्या सायकलीसारखं मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, पण टायर त्याहून जाड आणि बारीक गोट्यांचे, म्हणजे डांबरावरही पळते आणि मुरमाच्या वाटेवरही. पुढे शॉकअप नाही. शिवानंद म्हणाला, "नवी कशाला बे? आपल्या फ्रेमा हायत की माळ्यावर. जुन्या लोखंडाला काय होतंय?"

मी कामाला लागलो तो माझ्या पद्धतीने. आलेखाच्या कागदावर आराखडा काढला. फ्रेम घासून काढली, गाड्या रंगवणाऱ्याकडून मिलिटरी हिरवा रंग मारून घेतला. हँडलला गुंडाळायची पट्टी पुण्याहून मागवली. चार महिने गेले आणि सायकल नगरपालिकेच्या बागेतल्या बाकड्यासारखी दिसू लागली.

शिवानंदने फ्रेम दुकानात साखळ्या आणि बादल्यांच्या मध्ये टांगली आणि गिऱ्हाईक बघता बघता काम केलं. जुना निळा रंग तसाच ठेवला, ओरखड्यांसकट, वरून नुसता पारदर्शक लॅकर. हँडलला मागावरची सुती पट्टी गुंडाळली. पुढचा शॉकअप काढून चाक धरणारा साधा फोर्क भंगारातून आणला, तोही निळाच निघाला. चार रविवारांत सायकल तयार. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची.

फ्रेम तीच, माप तेच, साल तेच, मग असं का? हा प्रश्न मला फक्त सायकलीबद्दल पडलेला नव्हता. माझी मुलगी मुक्ता सायकल शिकली ती त्या निळ्या सायकलीवर, शिवानंदने मागून सीट धरून. मी शिकवायला गेलो की ती रडायची, कारण मी ओरडायचो. आता ती बंगळूरला नोकरी करते, कन्नड शिकली आहे आणि शिवानंदशी फोनवर कन्नडमध्ये बोलते. शेजारी मी बसलेला असतो. दोघं हसतात तेव्हा मीही हसतो, कशाला ते न कळता.

आता ब्रेक. हा भाग जरा नीट वाचा. जुन्या माउंटन सायकलीच्या ब्रेकला तार बरीच ओढावी लागते. शिंगांच्या हँडलचं लिव्हर तार कमी ओढतं. दोन्ही एकत्र बसवले तर लिव्हर दाबत दाबत हँडलला टेकतं, तरी रबर रिमला जेमतेम शिवतं. रबर नवं असताना, अगदी चिकटून बसवलं की भागतं. झिजलं की संपलं. आम्ही दोघांनीही हीच चूक केली होती. ती माझ्या लक्षात आली, कारण मी वाचतो. त्याच्या आली नाही, कारण तो चालवतो.

मी शहराच्या पूर्व भागात अंबादासकडे गेलो. अंबादास पूर्वी यंत्रमागांचा जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. कारखाना बंद पडला, आता सायकली बघतो. त्याने लिव्हर दोनदा दाबून पाहिलं.

"साहेब, हितं दोन खाचांची पुली लागतंय. तार बारक्या खाचंतनं आत, मोठ्या खाचंतनं भायेर. मंग लई वडतंय."

"करून द्याल?"

"चार दिसांनी या."

चार दिवसांनी त्याने माझ्या सायकलला पुल्या बसवल्या. लिव्हर हँडलच्या दोन बोटं अलीकडेच घट्ट थांबू लागलं. मग त्याने खणातून एक पुडी काढली. आत तशाच दोन पुल्या, सोबत मापाने कापलेल्या तारा. वर बॉलपेनने लिहिलं होतं, 'शिवानंद मालक'.

"मी एकच जोडी सांगितली होती," मी म्हणालो.

"व्हय की. पर एक कसं करायचं? इणणारा दोन माग संबाळतोय ना साहेब. एका मागाला नवा पार्ट घातला की शेजारच्याला घालायचाच. न्हाय घातला तर इणणाऱ्याचा एक हात सुखात आन एक हात दुखात. मी जल्मात एका मागाचं काम केलं न्हाय." त्याने पुडी माझ्या हातात ठेवली. "तुमी घरी जाताना मालकांचं दुकान लागतंयच की. देऊन टाका."

दुकान लागलं. निळी सायकल दारात उभी होती, भोवती चार-पाच जण, आणि शिवानंद आत बसून म्हणत होता, "अरे हात लावून बघा, काय चावत न्हाय." मी थांबलो, "काय म्हणतोस?" म्हणालो आणि घरी आलो.

त्यानंतर निघेपर्यंत अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत मी त्याला सहा वेळा भेटलो.

मला त्याला इजा व्हायला हवी होती का? नाही. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे आणि उत्तर खरंच नाही असं आहे. मला फक्त उतारावर त्याने सायकलवरून उतरून चालत यावं, आणि मी पुढे जाऊन थांबावं, एवढं हवं होतं. आयुष्यात एकदा मी खाली उभा, आणि तो मागून येतोय. एवढंच. पुडी मी पिशवीत भरली ती अक्कलकोटला देऊ असं ठरवून.

पहिला दिवस: अक्कलकोटकडे

जानेवारीतली सकाळ, हात गारठलेले. मोठा रस्ता सोडून आम्ही वळसंगच्या अलीकडे शेतांतल्या वाटा धरल्या. दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या डोक्याएवढी, कणसं भरत आलेली. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या आणि मोठ्याने लावलेली गाणी घेऊन जात होते. ते आले की आम्ही बांधावर चढायचो. मुरमाच्या वाटेवर टायरचा जो आवाज येतो, पापड मोडत राहावेत तसा, तो ऐकायला तरी एकदा जा.

शिवानंद पुढे. नेहमीप्रमाणे.

दहाच्या सुमारास एका वळणावर शेळ्या आल्या. त्याने दोन्ही लिव्हरं आवळली, सायकल थांबेना, शेवटी पाय टेकवून चप्पल घासत थांबला. एक शेळी त्याच्या पुढच्या चाकाला हुंगून निघून गेली.

"लिव्हर पार टेकायलंय बे, दत्ता," तो हसत म्हणाला. "तुझं कसं काय धरतंय?"

"तार आवळ जरा," मी म्हणालो.

"पाना हाय का?"

पाना माझ्या पिशवीत होता. काढायला हात घातला तेव्हा वर पुडी होती, तिच्याखाली पाना. पुडी बाजूला सारून मी त्याला पाना दिला. त्याने तार आवळली, "बेस झालं," म्हणाला, आणि आम्ही निघालो. सगळ्या प्रवासात सोपं देणं होतं तर ते तिथे. आता मागे वळून पाहिल्यावर ती शेळीसुद्धा मला माझ्या बाजूची वाटते.

दुपारी एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. आमच्या मोडनिंबात कुठल्या गावचे, कुणाकडचे, हे विचारून मग तांब्या पुढे येतो. इथे आधी तांब्या आला, मग गूळ-शेंगा, मग "बर्री, ऊटा माडरी," म्हणजे या, जेवायला बसा, आणि ताटं वाढून झाल्यावर कुठून आलात ते. घरची बाई मल्लव्वा, पन्नाशीची, हातात बांगड्या कोपरापर्यंत. चुलीवरची पातळ भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी, शेंगांची चटणी आणि वर दही. शेवटी शेंगापोळी, तीही तुपात बुडवून. मी नको म्हणायला 'साकु' हा मला येणारा एकमेव शब्द वापरला. तिने तो ऐकून आणखी एक वाढली.

शिवानंदच्या घरी कन्नडच बोलतात. तो त्या ओसरीवर दहा मिनिटांत घरातला झाला. कुणाच्या लग्नाचं, कुठल्या बैलाचं काय काय बोलत होता. मी सोलापुरात चाळीस वर्षं काढली आणि ही भाषा शिकलो नाही, याचा दोष मी त्या क्षणी त्यालाच दिला. मल्लव्वाने दोन्ही सायकलींकडे बघून काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतीय, दोघी सख्ख्या बहिणी दिसतात, एक थोरली, एक धाकटी."

"धाकटी कुठली?"

शिवानंदने जरा विचार केल्यासारखं केलं. "ते न्हाय सांगितलं तिनं."

तिने निळ्या सायकलच्या सीटवर हात ठेवून "भाळ चलो ऐती" म्हटलेलं मी पाहिलं होतं. फार छान आहे, एवढं मलाही कळतं.

अक्कलकोटला पोचलो. पुडी पिशवीतच राहिली. दिवस चांगला गेला होता, तो कशाला नासवा, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसरा दिवस: नळदुर्ग

या दिवशी रस्ता उघड्या माळावरून होता. काळी जमीन संपून तांबूस दगड लागतो, झाडं कमी होतात, वारा समोरून. शिवानंदच्या पायांत काय आहे मला माहीत नाही. बावन्न वर्षांचा माणूस, दिवसभर गल्ल्यावर बसतो, आणि वाऱ्यात असा जातो की त्याच्या पाठीवरच्या शर्टाची फडफडही मला ऐकू येऊ नये. मध्येच थांबून माझी वाट बघायचा. मी पोचलो की लगेच निघायचा नाही; मला दम खाता यावा म्हणून उगाच टायर दाबून बघायचा. माझ्या लक्षात येऊ नये म्हणून. माझ्या लक्षात यायचं, आणि त्या टायर दाबण्याचाच मला सगळ्यांत जास्त राग यायचा.

एका टपरीवर चहा घेताना त्याने हात पुढे करून दाखवले. दोन्ही तळव्यांना, अंगठ्याखाली, लाल वळ उठले होते.

"दाबून दाबून हात गेले बे. माझंच कायतरी चुकलंय. सोलापूरला गेल्यावर अंबादासकडं टाकतो."

मी बशीतला चहा संपवला.

नळदुर्गच्या अलीकडे नदीकडे उतरणारा एक कच्चा उतार आहे, सुट्या खडीचा. त्याने वरून पाहिलं आणि उतरला. "तू हो पुढं. मी हिला हातानं आणतो."

आणि मी गेलो. दोन बोटांनी लिव्हर दाबत, हवं तिथे हळू, हवं तिथे सोडून देत. पुल्या काय सुरेख फिरत होत्या. खाली पोचलो, सायकल दगडाला टेकवली, हाताची घडी घातली आणि वर बघत उभा राहिलो. तो सायकलचं हँडल धरून, घसरणाऱ्या खडीवरून, पाय आडवे टाकत येत होता. मी खाली, तो मागून येतोय. मला जे हवं होतं ते अगदी हुबेहूब मिळालं. लाज वाटली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण त्या वेळी नाही वाटली. फार आनंद झाला. पाच-सहा मिनिटं तरी मी इतका सुखी होतो जितका मुक्ताच्या निकालाच्या दिवशीही नव्हतो.

मग किल्ला पाहिला. नदी अडवून बांधलेली भिंत आणि त्या भिंतीच्या पोटात महाल, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कार. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहू शकतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी नुसतं साठलेलं होतं, हिरवं, गप्प. आम्ही खिडकीच्या कट्ट्यावर बसून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. ही भाकरी आठवडाभर टिकते, म्हणून सोलापूरचा माणूस चंद्रावर गेला तरी तीच नेईल, असं शिवानंदचं म्हणणं.

तेवढ्यात मुक्ताचा फोन आला. त्याच्या फोनवर. त्याने आवाज मोठा करून फोन मध्ये ठेवला.

"काका, फोटो बघितला! निळी काय दिसतीय हो! मला पाहिजे ती."

"ये की मग घ्यायला."

"बाबा कुठायत?"

"हितंच हाय. ऐक, तुझ्या बाबानं आज काय केलं माहितंय का? असला उतार, नुसती खडी. मी भिऊन चालत आलो. हा गडी बसून उतरला, खाली जाऊन उभा ऱ्हायला! मी वरनं बघतच ऱ्हायलो. काय सायकल बांधलीय बघ त्यानं!"

"खरंच, बाबा?" मुक्ता म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते मी आजवर फक्त तिच्या काकाच्या वाट्याला गेलेलं ऐकलं होतं.

"हं," मी म्हणालो.

"काका, बाबांकडं लक्ष द्या हं. ते सांगत नाहीत, पण दमतात."

"तू काळजी करू नको. आज त्यालाच माझ्याकडं लक्ष द्यावं लागलंय."

फोन ठेवून त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी उतारावर चोरलेलं सुख त्याने स्वतःहून माझ्या मुलीपुढे ठेवलं होतं, आणि तेसुद्धा इतक्या खुशीत. हातातली भाकरी मी फडक्यात परत बांधून ठेवली. मला वाटलं होतं त्याच्याकडे जास्त काही असेल तर पाय आहेत, भाषा आहे, ती सायकल आहे. पण त्याच्याकडे असं काहीतरी होतं जे भंगारात मिळत नाही, अंबादासला करता येत नाही. तिथपासून माझा हेवा कमी झाला म्हणावं, तर तसंही नाही. वाढला.

तिसरा दिवस: तुळजापूर आणि घाट

सकाळी निघताना मी त्याच्या ब्रेकचं रबर वाकून पाहिलं. खडीच्या धुळीने झिजून पापुद्र्यासारखं झालेलं. घाटात ते टिकणार नव्हतं, हे मला कळत होतं. त्याला कळत नव्हतं. त्याला वाटत होतं, आपले हातच कमी पडतात.

तुळजापूरला दर्शन घेतलं, चहा झाला. चहाच्या टेबलाशी मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा "शिवण्णा," म्हणालो आणि साखर मागितली. दुसऱ्यांदा तेही जमलं नाही. अकरा दिवस आणि वर दोन, एवढी रक्कम आता एका वाक्यात कशी सांगायची? पहिल्या दिवशी 'हे घे' एवढं पुरलं असतं. आता 'हे घे' म्हटलं की पुढे 'का' येणार होतं.

घाटाच्या तोंडाशी आलो. सह्याद्रीतल्या माणसांना हसू येईल एवढाच हा घाट, पण आमच्या सपाट मुलखाला तो घाटच. खाली सोलापूरकडचं सगळं रान धुरकट पसरलेलं.

"तू हो पुढं, मी हळूहळू येतो," शिवानंद म्हणाला आणि सायकलवर बसू लागला.

"चालत नाही येणार?"

"एवढा घाट कोण चालतंय? पाय लावीन की."

पिशवी उघडायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "शिवण्णा, घाट मी तुझ्या सायकलवर उतरू का?"

"का बे?"

"मला चालवायचीय ती. पहिल्या दिवसापासून."

तो मोठ्याने हसला. "मग इतके दिवस तोंडात शेंगा होत्या का? बोलायचं की! घे." मग थांबला. "पण दत्ता, ब्रेक न्हाय धरत तिचे. बघून हां."

"माहीत आहे," मी म्हणालो. तीन दिवसांत मी त्याच्याशी बोललेलं ते सगळ्यांत खरं वाक्य. त्याने ते भलत्याच अर्थाने घेतलं.

मंडळाने ज्यासाठी शाल दिली ती गोष्ट ही. मी त्याग केला नाही. कबूल करण्यापेक्षा पडणं मला सोपं वाटलं. आणि चालवायची होती, हेही खोटं नव्हतं.

आणि काय सायकल होती! हलकी, पायाखाली आहे की नाही असं वाटावं अशी. सुती पट्टी तळहाताला घट्ट धरून ठेवत होती. पहिल्या दोन वळणांवर मी ब्रेकला हातही लावला नाही. जे मला चार महिने वाटत होतं ते खरंच निघालं: ती माझ्या सायकलपेक्षा चांगली होती. हे कळल्याचा एक वेडा आनंद झाला, संशय खरा ठरल्याचा.

तिसऱ्या वळणावर पुढे कडब्याची गाडी रांगत होती. मी लिव्हर आवळलं. ते आलं, आलं, आणि हँडलला टेकलं. त्यापुढे काहीच नव्हतं. सगळ्या बोटांनी दाबलं, तळहाताने दाबलं. रिमवर नुसती शिट्टीसारखी चिरचिर. शिवानंदच्या हातांना वळ का उठले ते तेव्हा कळलं. गाडीच्या मागच्या फळीवर जाण्यापेक्षा मी डावीकडे वळवली. तिथे रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग होता. ग्रॅव्हल सायकल अखेर ग्रॅव्हलमध्ये गेली.

खांद्यात काहीतरी ओल्या फांदीसारखं मोडलं. कॉलरबोन, असं नंतर कळलं. सायकलला एक नवा ओरखडा, बाकी काही नाही. तिचंच नशीब.

वरून शिवानंद आला. माझ्या सायकलवर. कचकन जागेवर थांबला, इतका जागेवर की त्याने स्वतःच दचकून लिव्हरकडे पाहिलं. मग सायकल टाकून धावला. मला ढिगाला टेकवून बसवलं, कपाळावरचं रक्त बघितलं. "कापड हाय का कायतरी?" म्हणत त्याने माझ्या सायकलची पिशवी उघडली.

त्या क्षणापर्यंत मला आठवलं नव्हतं, की पिशवी सायकलबरोबर त्याच्याकडे गेली आहे. चौदा दिवसांत मी पुडी एकदाच खरोखर विसरलो, ती त्या घाटात, दोन वळणांपुरती.

त्याने रुमाल काढला. मग पुडी. अक्षर वाचलं. उघडली. एक पुली बोटावर फिरवून पाहिली. माझ्या सायकलच्या ब्रेककडे बघितलं. मग माझ्याकडे.

"माझं नाव हाय की ह्याच्यावर."

"हो."

"अंबादासनं दिलं?"

"हो."

"कधी?"

खडीच्या ढिगावर, एक हात लोंबत असताना, अजूनही मला वाचायचं होतं. "निघायच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो. "गडबडीत विसरलो."

तो पुलीकडे बघत राहिला. कडब्याची गाडी खाली दूरवर गेली तरी बघत होता. मग म्हणाला, "असू दे. विसरतंय माणूस."

त्याने माझं कपाळ बांधलं, पुतण्याला फोन करून गाडी मागवली. गाडी यायला तासभर होता. तेवढ्या वेळात तो रस्त्याकडेला मांडी घालून बसला आणि निळ्या सायकलला पुल्या बसवल्या. माझ्याच पान्याने. मी बघत होतो. घाई नाही, आदळआपट नाही. शेवटी त्याने लिव्हर दाबलं. हँडलच्या दोन बोटं अलीकडे ते घट्ट थांबलं. त्याने तीन-चारदा दाबून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ फिरवून बसला.

पुडीचा कागद त्याने फेकला नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

परत

दवाखान्यात, मंडळात, मुक्ताला फोनवर, सगळीकडे त्यानेच सांगितलं: दत्तानं माझी सायकल स्वतःकडं घेतली, म्हणून मी वाचलो. पुडीचं नाव एकदाही काढलं नाही. मुक्ता रजा टाकून आली आणि चार दिवस माझ्या उशाशी बसली. असं ती आजवर बसली नव्हती. मी ते चार दिवस घेतले.

नंतर कळलं, की शिवानंद अंबादासला पुल्यांबद्दल धन्यवाद द्यायला पूर्व भागात जाऊन आला. अंबादास तारखांचा पक्का माणूस आहे. त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. त्यानंतरच्या रविवारी सत्कार होता, आणि तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. आता मला त्याच्या गप्प बसण्याचाही हेवा वाटतो. मी गप्प बसलो की काहीतरी कुजतं. तो गप्प बसला की समोरच्याला लपायला जागा मिळते.

ती जागा मला नको आहे. शाल परत करायला मी मंडळाकडे जाईनच. पण त्याआधी हे कागद शिवानंदला द्यायचे आहेत, छापायचे की नाही ते त्याने ठरवावं.

शिवण्णा, मी विसरलो नव्हतो. पुडी माझ्याकडे अकरा दिवस आधी आली होती, आणि शेळ्या आडव्या आल्या तेव्हा ती माझ्या हाताला लागली होती.

कागदांची घडी घालून वर त्याचं नाव लिहिलं आहे. झोळी कालच सुटली. आज कचेरीतून येताना सायकलवरच येणार आहे. दुकान वाटेवरच लागतं.